दोन झाडं बियांना

ओब्दुलियाचा उजवा हात प्लास्टरात आहे.
मंगळवारी कोंबड्यांचं खाद्य घेऊन उतरताना
ओल्या पायरीवरून पाय सुटला,
तिने टोपलं तेवढं सावरलं.
दाणा सांडला नाही. मनगट मोडलं.

तेव्हापासून ती खिडकीत, मी वाफ्यात.

फेब्रुवारी सरत आलाय. आमच्या गालिथियात या दिवसांत
पाऊस पडत नाही, नुसता टांगलेला असतो
न पिळलेल्या घोंगडीसारखा,
खाली उभं राहिलं की मानेत एक थेंब.
विळी बोथट. बूट मुलाचे, एक नंबर मोठे.
चिखल दर पावलाला बूट मागून घेतो.

"खालून मोड! शेंड्याला हात लावशील तर बघ, आमान्थिओ!"

कोबीच्या पानांची ती झाडं:
ऑक्टोबरपासून रोज खालचं एकेक पान देत
आता कंबरेएवढ्या काठ्या उरल्यात,
टोकाला मूठभर हिरवं.
मी पान खाली दाबतो. कट्, असा आवाज येतो.
एकतीस वर्षं जहाजांची इंजिनं राखली मी,
कुठली झडप गळतेय ते अंधारात, नुसत्या कानाने सांगायचो.
हा आवाज बरोबर की चूक, कळत नाही.
खिडकीकडे बघतो.
ती मान हलवते. म्हणजे बरोबर असावा.

लीक उपटताना मुळांसकट जमीन वर आली.
शेजारचा बाल्बिनो कुंपणावरून म्हणाला,
"नांगर टाकतोयस की उचलतोयस?"

मग सलगमाचे वाफे.
कोवळे शेंडे, कळ्या घट्ट मिटलेल्या:
ग्रेलोस.

बंदराबंदरांत तिची पत्रं यायची.
डर्बनला, रॉटरडॅमला, एकदा वाल्पाराइसोत तीन एकदम.
*ग्रेलोस धरलेत. लीक यंदा बारीक.
वरचा वाफा गोगलगायींनी खाल्ला. बाकी ठीक.*
दुसऱ्यांच्या बायकांची पत्रं
इंजिनरूममध्ये मोठ्याने वाचली जायची,
ऐकून कान तापायचे.
मी माझं घडी करून खिशात घालायचो.
वाटायचं, हिला लिहायला काही सुचत नाही.

आज गुडघ्यावर बसून, बोटं बधिर,
एका शेंड्याशी थबकलो. कळीच्या फटीतून पिवळं दिसत होतं.
आठ दिवस, फार तर दहा.
मग फुलं उमलणार, देठ लाकूड होणार,
आणि पुढल्या फेब्रुवारीपर्यंत काही नाही.
*ग्रेलोस धरलेत.*
केवढी घाई होती त्या दोन शब्दांत.
आणि मी ते दर वेळी
एप्रिलमध्ये वाचायचो.

स्वयंपाकघरात तिने स्टुलावर बैठक मारली.
"पांढरा घेवडा रात्रीच भिजवलाय मी, डाव्या हाताने."
"चरबीचा तुकडा तो नको, तो जुना, पिवळा, वास मारणारा घे."
"बटाटा सोलतोयस की वल्हं तासतोयस?"
साली जाड निघाल्या खऱ्या. कोंबड्यांची चंगळ.

पाला आधी वेगळा उकळायचा,
ते पहिलं पाणी ओतून द्यायचं, त्यात कडूपणा जातो.
हे तिने तीनदा सांगितलं असं ती म्हणते.
मला एकदाही आठवत नाही.
मी पातेलं सगळंच्या सगळं घेवड्यात रिकामं केलं
आणि झाकण ठेवून
अभिमानाने वाफेचा आवाज ऐकत उभा राहिलो.

पहिला घोट घेऊन
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
"कडू," म्हणाली.
"हो," म्हणालो.
पावाचा तुकडा मोडून तिच्या वाडग्याशी ठेवला.
डाव्या हातातला चमचा थरथरत होता, थोडं हनुवटीवर,
थोडं प्लास्टरवर, हिरवा डाग.
अर्धा वाडगा संपल्यावर तिने मीठ मागितलं.

जेवणं झाली. दिवे लागणीला ती पुन्हा खिडकीशी.
"उद्या उरलेले सगळे खुड.
दोन झाडं तेवढी सोड, बियांना."
कुठली दोन?
"चांगली," म्हणाली, आणि पडदा ओढला.

आता रात्री अकरा. टॉर्च घेऊन
वाफ्यात उभा आहे मी, मुलाच्या बुटांत.
चाळीसेक झाडं. सगळीच
मला सारखी दिसतात.
एकेकाजवळ वाकून पाहतोय.